समुद्राचं विरजण

दिंडोरीजवळची वाडी
६ नोव्हेंबर २०२४

सृष्टे,

आशीर्वाद पहिला घे, शिव्या मागून येत्यात. दिवाळीला आलीस अन् दोन दिवसांत कोकणात पळालीस. तुझा बाप म्हंतो, पोरीला समुद्रानं झपाटलंय. मी म्हटलं, रव्या, एखाद्या पोरानं झपाटण्यापेक्षा समुद्र बरा, हुंडा तरी मागत नाय.

फोन करू नको. माझे कान गेलेत. कानात घालायचं मशीन आणलंय, पण ते शिट्टी मारतं अन् मला वाटतं कुकर झाला. म्हून पत्र. आत्या सातवी पास हाय, आत्याचं अक्षर तुझ्यापरीस बरं हाय.

जाताना तुझा बाप काय बोलला ते मी ओठ बघून वाचलं. पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत. तवर तुझं वर्षभराचं पाणी गोळा करणं पुरं झालं तर ठीक, नायतर सटाण्याच्या त्या कांदेवाल्याच्या अमोलला हो म्हणायचं. अमोलचा फोटो बघितला. पोरगं वाईट नाय, पण फोटोत सुद्धा झोपलंय.

आता मला नीट सांग, तू करतीस काय? दर पंधरा दिवसांनी खाडीवर जायचं, बाटली भरायची, फ्रीजरात ठेवायची. येवढं तर मी पण करीन, आन् वर भांडी घासून देईन. त्यात असं काय हाय की त्यापायी तू बापाशी भांडतीस?

तुझी
मालनआत्या


कासारवेळ
१९ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र वाचून मी लॅबमध्ये एकटीच हसत होते. माझ्या गाईड मॅडम आत आल्या तर मला सर्दी झाल्याचं नाटक करावं लागलं.

नीट सांगते. समुद्राचं पाणी चमचाभर घे. दिसायला स्वच्छ. पण त्यात पन्नास लाखांच्या आसपास जिवाणू असतात आणि विषाणू त्याच्या दहापट. घाबरू नकोस, हे विषाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत. ते फक्त जिवाणूंना धरतात. एक विषाणू जिवाणूला चिकटतो, आत शिरतो, आतल्या आत स्वतःसारखे पन्नास-शंभर तयार करतो, आणि मग जिवाणू फटकन फुटतो. ते शंभर बाहेर पडतात आणि पुढच्याला धरतात. दिवसभरात खाडीतले कितीतरी जिवाणू असेच मरतात.

मला बघायचंय की आपल्या किनाऱ्यावर हे कधी जास्त होतं, कधी कमी. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी येतं तेव्हा काय होतं, उन्हाळ्यात काय होतं. म्हणून वर्षभर, दर पंधरा दिवसांनी, चोवीस खेपा. इथले कोळी काळूदादा त्यांच्या होडीतून मला खाडीच्या तोंडाशी नेतात. आणलेलं पाणी छोट्या नळ्यांमध्ये भरून फ्रीजरमध्ये. आपल्या घरातल्या फ्रीजपेक्षा तो कितीतरी गार, उणे ऐंशी. सगळ्या नळ्या एकत्र मोजायच्या, म्हणजे मोजमाप एकसारखं होतं. मधली एक खेप गेली तर माळेतला मणी गेल्यासारखं.

आतापर्यंत चार झाल्या. वीस राहिल्या. अमोलला सांग झोप पुरी कर म्हणावं.

तुझी
सृष्टी


वाडी
४ डिसेंबर २०२४

सृष्टे,

वाचलं. दोनदा वाचलं. म्हंजे बाहेरून येऊन घरात शिरायचं, घरातल्याचंच खाऊन शंभर पोरं काढायची अन् जाताना घर पाडायचं. अगं, ह्यो विषाणू आमच्या गावात गेल्या निवडणुकीला उभा व्हता.

मला येक कळंना. असले मेले गाळून का टाकत नाय? ताक गाळायला फडकं असतं, तुमच्याकडं येवढी मशिनं हायेत. गाळ अन् बघ, बाकीचे बिचारे जिवाणू कसे सुखानं नांदत्यात.

दुसरं महत्त्वाचं. तुझ्या त्या नळ्या म्हंजे समुद्राचं विरजणच की. अन् ते तू येकाच फ्रीजरात ठेवलंस? माझी सासू काय म्हणायची, विरजण दोन घरी ठेवावं. तिचं विरजण चाळीस वर्षं चाललंय, ते काय आपोआप नाय. आपल्या घरचं मांजरानं सांडलं, उन्हानं नासलं, तर शेजारणीकडून वाटीभर आणायचं. तिचं नासलं तर आपण द्यायचं. माझं अजून तसंच हाय. येक माझ्याकडं, येक शेजारच्या नवसाबाईकडं. म्हून तर द्राक्षबागांत औषध फवारणारी सगळी माणसं दुपारचं ताक माझ्याच दारात पित्यात.

तू पण दुसरं घर शोध. आळस करू नको.

आत्या


कासारवेळ
११ जानेवारी २०२५

आत्या,

उशीर झाला, कारण तू मला कामाला लावलंस. गाळून बघ म्हणालीस ना? तसा प्रयोग करायचाच होता, तो आधी घेतला.

सहा बाटल्या. तीन बाटल्यांत समुद्राचं पाणी जसंच्या तसं. तीन बाटल्यांत जिवाणू तेच, पण विषाणू जवळजवळ सगळे गाळून काढलेले. मला वाटलं, तुझ्यासारखंच वाटलं, की या दुसऱ्या बाटल्यांत जिवाणूंची चंगळ होणार. पहिल्या दिवशी झाली पण. दुसऱ्या दिवशी वाढ थांबली. तिसऱ्या दिवशी बघते तर त्यांची संख्या रोडावलेली, आणि जिथे विषाणू होते तिथले जिवाणू टुणटुणीत!

मॅडम म्हणाल्या, बाटल्या बदलल्या असतील तू. मी रडले नाही, पण रडायला आलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

एकच कारण डोक्यात येतंय. जिवाणू फुटतो तेव्हा त्याच्या पोटातलं सगळं पाण्यात विरघळतं आणि ते बाकीच्यांचं खाणं होतं. कुणी फुटलंच नाही तर खायला काय? पण हे मॅडमना पटायला हवं.

दुसरं घर सापडलं. जिल्ह्याच्या गावी मत्स्य कॉलेज आहे, तिथे तसाच फ्रीजर. एसटीने दोन तास. प्रत्येक खेपेच्या दोन-दोन नळ्या आहेत, त्यातली एक-एक तिकडे. पहिल्या चार खेपांच्या ठेवून पण आले, बर्फाच्या डब्यात घालून, मांडीवर घेऊन. कंडक्टरने विचारलं, मासे का? म्हटलं, त्यांच्या आधीचं.

सृष्टी


वाडी
२६ जानेवारी २०२५

सृष्टे,

झेंड्याला जाऊन आले, जिलबी खाल्ली, आता लिहायला बसले.

तुझं ते फुटणं मला पटलं, तुझ्या मॅडमला का पटत नाय? छाटणीला आपण द्राक्षाच्या काड्या तोडतो, त्याच बारीक करून वेलाच्या बुडाशी टाकतो. वेल आपल्याच काडीवर पोसतो. अन् माणसाचं बघ. तुझ्या आतोबांनी जन्मात कुणाला कपभर चहा पाजला नाय. गेले, तर तेराव्याला दीडशे पानं उठली. अख्खी वाडी तृप्त. तुझा जिवाणू तसाच हाय, फुटल्यावर दानशूर.

म्हंजे मी विषाणूला उगाच शिव्या दिल्या. माघारी घेते.

मॅडमला सांग, बाटल्या बदलल्या नाय. सांगून ऐकलं नाय तर तिसऱ्यांदा कर. त्यांच्यासमोर कर. बाटलीला दोरा बांध, लाल अन् पांढरा, माझ्या म्हशींना बांधते तसा. पण मागं सरू नको. माणूस आपल्या डोळ्यानं बघितलेलं दुसऱ्याच्या शब्दानं पुसायला लागलं की संपलं.

बाकीच्या नळ्या दुसऱ्या घरी पोचल्या का? हो का नाय, येवढंच लिही.

आत्या


कासारवेळ
२८ मार्च २०२५

आत्या,

हो.

आणि मोठी बातमी. मॅडमसमोर केलं. दोरे बांधून केलं, लाल आणि पांढरा. तेच आलं! मॅडमनी सगळं स्वतः पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, आता हे बाटलीत होतं म्हणून भागणार नाही, समुद्रात कधी आणि किती होतं ते दाखव. म्हणजे सगळी मदार त्या फ्रीजरमधल्या नळ्यांवर. बारा खेपा झाल्या, निम्म्या. पप्पांना सांग दिवाळीच्या आत होणार.

घाईत आहे, भरती गाठायचीय.

सृष्टी


वाडी
१८ एप्रिल २०२५

सृष्टे,

शाब्बास. लाल दोरा नाशिकच्या म्हशीचा, नाव कोकणात निघालं.

इकडं द्राक्षाची खरड छाटणी चालू हाय. ऊन मी म्हंतंय. गुडघ्यांमुळं मी सध्या ताक करत नाय.

येक विचारायचं व्हतं. माझं नाय, नवसाबाईचं. तिचं विरजण बिघडलंय. दूध तेच, गाडगं तेच, हात तोच. पण दही लागतच नाय. सकाळी बघावं तर नुसतं बुळबुळीत पाणी. आधी कवडीसारखं लागायचं, वाटी उपडी केली तरी पडायचं नाय. बिचारी रडकुंडीला आलीय. चार वेळा लावलं. लोकांना काय सांगावं तिनं? म्हून विचारते, तुझा तो विषाणू समुद्रातनं दिंडोरीला येऊ शकतो का? दह्यात शिरतो का?

लवकर लिही. तिला घाई हाय.

आत्या


कासारवेळ
२६ एप्रिल २०२५

आत्या,

समुद्रातला नाही येत. प्रत्येक विषाणूचा जिवाणू ठरलेला असतो. पण दह्याच्या जिवाणूंचे स्वतःचे विषाणू असतात. मोठ्या डेअऱ्यांत हा नेहमीचा वैताग आहे. नवसाबाईंचं तेच झालंय असं तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, उन्हाने पण बिघडतं. पण लक्षणं तशी आहेत.

विषाणू त्यालाच गाठतो जो फार वाढलेला असतो. समुद्रात एक जिवाणू माजला की त्याचे विषाणू वाढतात, तो कमी होतो, दुसऱ्यांना जागा मिळते. तिथे हजार जातींचे जिवाणू, म्हणून समुद्र चालू राहतो. गाडग्यात दोन-चारच जाती. त्या गेल्या की संपलं.

उपाय सोपा. गाडगं टाकून द्यायचं, नवं उकळत्या पाण्याने धुवायचं आणि विरजण दुसऱ्या घरून आणायचं. त्यांना सांग तुझ्याकडून घ्यायला. तुझं आहेच ना दोन घरी.

सृष्टी


कासारवेळ
२९ मे २०२५

आत्या,

कसं लिहू ते कळत नाही.

गेल्या आठवड्यात इथे वादळी पाऊस झाला. खांब पडले, चार दिवस वीज नव्हती. जनरेटरचं डिझेल दीड दिवसात संपलं. घाटात झाडं पडून रस्ता बंद, नवं डिझेल आलं नाही. काळूदादांनी मासेवाल्यांकडून होता नव्हता तेवढा बर्फ आणला, आम्ही फ्रीजरभोवती रचला. उणे ऐंशीपुढे त्याचं काय चालणार? सगळ्या नळ्या वितळल्या. आतले विषाणू आता मोजून उपयोग नाही.

सोळा खेपा होत्या. राहिल्या चार. मांडीवर नेलेल्या.

मार्चमध्ये मी तुला हो लिहिलं ते खोटं होतं. एसटी सुटायची वेळ आणि भरतीची वेळ एकच यायची, आणि मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या पंधरवड्यात. तू दोनदा बजावलंस. सासूबाईंचं वाक्य सुद्धा सांगितलंस.

दिवाळीपर्यंत वर्ष पुरं होणं आता शक्य नाही. मॅडम म्हणाल्या, जूनपासून पुन्हा सुरू कर, मी पाठीशी आहे. पण पप्पांना काय सांगू? आणि तेवढी ताकदही नाही. मी सामान आवरतेय. रविवारी निघते. अमोलला जागा कर.

सृष्टी


वाडी
१ जून २०२५

सृष्टे,

सामान परत कपाटात ठेव. आधी ते कर, मग वाच. रव्याला दुपारीच सांगितलंय तुला फोन करून निरोप द्यायला, की आत्याचं पत्र येईस्तोवर जागची हलू नको. म्हून तू हे तिथंच वाचतीस असं धरून चालते.

खोटं तू येकटीनं लिहिलं नाय. विरजण बिघडलं ते नवसाबाईचं नाय, माझं. अन् दोन घरी असल्याचं मी तुला लिहिलं ती पण थाप. तीन वर्षं झाली, मी नवसाबाईशी बोलत नाय. तुझे आतोबा गेल्यावर ती पाणवठ्यावर चार बायांत म्हणाली, मालनचं ताक आता पातळ झालं, घरात पिणारं नाय तर कशाला घट्ट करतीय. ते माझ्या कानावर आलं. तवा कान चांगले व्हते, हेच वाईट झालं. तवापासून तिच्या दारात पाऊल ठेवलं नाय. तुला मात्र ऐटीत शिकवत व्हते.

दीड महिना गुडघ्याची सबब सांगितली लोकांना. गुडघे ठणठणीत हायेत.

काल तुझं पत्र आलं. वाचलं, अन् गाडगं उचलून उकिरड्यावर फोडलं. चाळीस वर्षांचं. मग नवी वाटी उकळली अन् कुणी बघू नये म्हून दिवेलागणीला नवसाबाईच्या दारात गेले.

ती चुलीपाशी बसलेली. वर न बघता म्हणाली, "कोण हाय?"

माझ्या उजव्या कानाला अजून थोडं येतं. म्हटलं, "मी हाय. मालन."

"वाट चुकलीस व्हय?"

"विरजण पायजे."

बाईनं लाकूड आत सारलं. मग माझ्या चांगल्या कानाशी येऊन, येकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दिवा लागल्यावर विरजण देत नायत, तुझ्या सासूनंच शिकवलंय. सकाळी ये. उजेडी. सगळ्यांदेखत."

लय मुरलेली बाई हाय. रातभर मी तिला मनात काय काय म्हटलं ते पत्रात लिहिता येत नाय. पण सकाळी गेले. वाटी पदराखाली न घेता हातात उघडी धरून गेले. फवारणीवाले बघत व्हते, त्यांना पण बघू दिलं.

नवसाबाईनं गाडग्यावरचं फडकं काढलं अन् मी वासानंच ओळखलं. सृष्टे, ते आमचंच व्हतं. माझ्या सासूनं तिला पंधरा वर्षांमागं दिलेलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं, तिनं त्या विरजणाला येक दिस खाडा पडू दिला नाय. म्हटलं, "हे टाकलं नाय तू?" तर म्हंती, "भांडण तुझ्याशी. म्हातारीशी नाय." अन् वाटी देताना वर म्हणालीच, "ह्या बारीला घट्ट कर."

आज माझं दही लागलं. कवडीसारखं.

आता तुझं. चार नळ्या वाचल्या, त्या का वाचल्या? दुसऱ्या घरी व्हत्या म्हून. म्हंजे रीत खरी, आपण दोघी खोट्या. माझं विरजण दुसरीकडनं आणता आलं, तुझं गेलेलं पाणी मला पण आणता यायचं नाय, ते खरं. पण समुद्र कुठं गेलाय? जूनपासून म्हंतात ना मॅडम? आज येक तारीख हाय. ऊठ.

रव्याला मी बघते.

अन् आता मला "हो" लिहू नको. एसटीचं तिकीट पाठव. दर खेपेचं.

मालनआत्या


कासारवेळ
१४ जून २०२५

आत्या,

पप्पांचा फोन वेळेत आला. बॅग दारात होती. त्यांना वाटलं तुझी तब्येत बिघडली, आवाज रडवेला होता.

तुझं पत्र मी काळूदादांना वाचून दाखवलं. "घट्ट कर" ला ते होडीत इतके हसले की वल्हं सुटलं हातातून.

काल पहिली खेप केली. पावसाळ्यात होडी तोंडापर्यंत जात नाही, म्हणून आता धक्क्यावरून दोरीला बाटली बांधून पाणी घेते. पाणी गढूळ, लाल मातीचं. आता भरतीप्रमाणे एसटी नाही, एसटीप्रमाणे भरती निवडते. एवढी साधी गोष्ट आठ महिने सुचली नाही.

तिकीट सोबत टाचलंय. थोडं भिजलंय. नंबर एक.

पप्पा काय म्हणाले?

सृष्टी


वाडी
२९ जून २०२५

सृष्टे,

तिकीट पोचलं.

तुझा बाप परवा आला, नाक फुगवून. म्हंतो, "अक्का, तू पोरीला डोक्यावर बसवलंय. मुदत म्हंजे मुदत. येकदा फसलं, आता पुन्हा पहिल्यापासून?"

मी ताकाचा तांब्या पुढं ठेवला. म्हटलं, "रव्या, दहावीला कितीदा बसलास?"

तो चपला शोधायला लागला.

"मला ऐकू येत नाय, जोरात सांग. बाहेर माणसं बसलीत, त्यांना पण कळू दे."

"तीनदा," म्हणाला. पुटपुटला.

"दर खेपेला शेतातलं काम टाकून नाशिकला पेपराला कोण सोडायला येत व्हतं?"

"तू."

"मुदत दिली व्हती का मी?"

ताक पिला. दुसरा तांब्या मागितला. मिशी पुसत म्हंतो कसा, "पुढच्या जूनपर्यंत. त्याच्या पुढं येक दिवस नाय." मी म्हटलं, ऐकू नाय आलं. तवा म्हणाला, "बरं, पुरं होईस्तोवर." येवढं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. अमोलच्या घरी पण त्यानंच कळवलं. ते पोरगं कुठं तरी दुसरीकडं झोपंल.

नवसाबाई रोज विचारती, तुझ्या भाचीचं समुद्राचं विरजण लागलं का? तिला मी विषाणूचं सगळं सांगितलं, फुटणाऱ्याच्या जिवावर बाकीचे पोसत्यात ते पण. ती म्हणाली, "मग तुझ्या मालकाचं तेरावं आठव." हे मी तुला आधीच लिहिलंय ते तिला सांगितलं नाय, तिला वाटू दे तिचंच डोकं.

पाऊस हाय, धक्क्यावर शेवाळ असंल, पाय जपून टाक. पण खेप चुकवू नको. तेवीस राहिल्या.

तिकिटं धाडत जा. पहिलं मी माझ्या देवाच्या डब्यात ठेवलंय. दुसरं आलं की नवसाबाईच्या डब्यात जाईल, तिसरं माझ्या.

आत्या